एकदा नाही म्हणा, जाऊबाई

धाकटी: मांडीचा पट्टा काचतोय का, जाऊबाई?

थोरली: नाही गं. छान बसलाय.

धाकटी: छान कसला? माझा इथे जीव गुदमरतोय, आणि तुमचा माझ्यापेक्षा जास्त आवळलाय.

थोरली: तुझा सैल करायला सांगू का? अरे बाळा, हिचा पट्टा जरा...

धाकटी: माझं राहू द्या! मी तुमचं विचारतेय.

थोरली: माझं काय, मी ठीक आहे.

प्रशिक्षक: सैल करायचा नाही, काकू. खाली टोचतो तोच वर सांभाळतो. आता पुन्हा एकदा ऐका. विमानाच्या दारातून निघताना पोट पुढे, पाय मागे, केळ्यासारखं वाकायचं. हात छातीशी. मी खांद्यावर थाप मारली की हात पसरायचे. बाकी काही करायचं नाही, बाकी सगळं माझं काम.

धाकटी: म्हणजे ब्रेक तुमच्याकडे.

प्रशिक्षक: सगळं माझ्याकडे.

धाकटी: मी मोटार शिकवते, दादा. ड्रायव्हिंग स्कूल आहे. माझ्या पायाखाली कायम दुसरा ब्रेक असतो. शिकणारा कितीही येडा असू दे, मी निवांत असते. आज मीच शिकणारी.

प्रशिक्षक: मग आज तुम्ही येडेपणा केलात तरी चालेल. आणि मोठ्या काकू? तुम्ही काय करता?

थोरली: मी निवृत्त झाले. मुख्याध्यापिका होते.

प्रशिक्षक: आई गं. तरीच मी मघापासून ताठ उभा आहे.

धाकटी: मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या पोराला माईकशिवाय हाक मारायच्या. पोरगं तर थांबायचंच, पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा थांबायचे.

थोरली: पुरे गं.

प्रशिक्षक: एक विचारू का? तुमच्या डॉक्टरांशी ऑफिसनं फोनवर बोलून घेतलं. दोघींना खुशाल उडी मारू द्या म्हणाले. पण ऑपरेशन दोघींचंही यकृताचंच? आणि एकाच दिवशी? मला वाटलं ऑफिसातल्या माणसानं काहीतरी घोळ घातला.

धाकटी: घोळ नाही. यांचं यकृत पार कामातून गेलं होतं. चार वर्षांपूर्वी माझ्यातलं अर्धंअधिक काढून यांना बसवलं. ते परत वाढतं. आता यांचं यांच्यापाशी पूर्ण, माझं माझ्यापाशी पूर्ण.

प्रशिक्षक: बाप रे. सख्ख्या बहिणी?

धाकटी: जावा.

प्रशिक्षक: जावा?

धाकटी: आमचे नवरे सख्खे भाऊ. ते बघा, त्या निळ्या छत्रीखाली बसलेत दोघे, आणि ती वाळूत खड्डा खणतेय ती माझी लेक, चिमणी. एक घर, एक स्वयंपाकघर.

प्रशिक्षक: नाही, जावा म्हणजे... माझी आई आणि काकू जावाच आहेत. घरात मधोमध भिंत घातलीय. दार ठेवू या का म्हणून गवंड्यानं विचारलं तर दोघी एका सुरात नको म्हणाल्या. तेवढंच एक त्यांनी एकत्र केलं.

धाकटी: म्हणतातच ना, जावा जावा आणि उभा दावा. आम्हीही काही कमी नव्हतो. काय जाऊबाई?

थोरली: जुन्या गोष्टी कशाला काढतेस? हिचे फार उपकार आहेत माझ्यावर.

धाकटी: झालं. आला तो शब्द.

प्रशिक्षक: आणि ही उडीची कल्पना कोणाची?

थोरली: हिची हौस. म्हटलं, हिला हवंय ना, मग आपणही जाऊ.

प्रशिक्षक: भीती नाही ना वाटत?

थोरली: छे.

प्रशिक्षक: बरं. मी चष्मे घेऊन येतो आणि विमान तयार झालं का बघतो. पट्ट्यांना हात लावू नका.

धाकटी: गेला तो. आता खरं सांगा.

थोरली: काय?

धाकटी: तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना तुम्ही भिंतीला पाठ लावून हात लांब करता. खाली बघत नाही. चिमटे मला लावायला लागायचे.

थोरली: मग?

धाकटी: मग विमानातून काय करणार? भिंत कुठून आणणार?

थोरली: तो आहे ना पाठीला.

धाकटी: जाऊबाई, नको असेल तर नको म्हणा. मी रागावणार नाही. देवाशप्पथ.

थोरली: तुझी हौस आहे ना, झालं तर. तू कधी काही मागत नाहीस.

धाकटी: मी कधी काही मागत नाही? गेली चार वर्षं मी दुसरं करतेय काय? दिवाणखान्याला पोपटी रंग कोणी दिला?

थोरली: छान आहे तो रंग.

धाकटी: माझ्याकडे बघून सांगा.

थोरली: प्रसन्न वाटतं सकाळी.

धाकटी: प्रसन्न! माझे स्वतःचे डोळे दुखतात. रंगारी मला दोनदा म्हणाला, बाई, पुन्हा विचार करा. त्याला म्हटलं, थांबा, आमच्या जाऊबाई येतील आणि या रंगाची चांगली सालं काढतील. तुम्ही आलात, पर्स टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘तुला आवडला ना? मग झालं.’ मी रात्रभर रडले.

थोरली: रंगावरून?

धाकटी: रंगावरून नाही हो! स्वयंपाकघरातली खिडकी घ्या. मला उघडी लागते, तुम्हाला बंद. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ती खिडकी म्हणजे आपलं रणांगण. मी उघडायची, तुम्ही लावायची. आता चार वर्षं ती सताड उघडी आहे आणि तुम्ही स्वेटर घालून स्वयंपाक करता.

थोरली: हवा खेळती राहते.

धाकटी: शिंकता तुम्ही! सकाळ झाली की शिंकत असता!

थोरली: अगं, हळू. लोक बघताहेत. तुला त्रास होतोय का काही? बसतेस का? पाणी देऊ?

धाकटी: बघा. मी भांडतेय आणि तुम्ही पाणी देताय.

थोरली: मग काय देऊ?

धाकटी: एकदा नाही म्हणा, जाऊबाई. एकदाच. ‘नाही, मी उडी मारणार नाही, तुझं डोकं फिरलंय, चल घरी’ असं म्हणा. मी हे पट्टे इथल्या इथे काढते.

थोरली: तुला मी नाही कसं म्हणू?

प्रशिक्षक: चला काकू, विमान आलं! चष्मे घ्या. धाकट्या काकूंना माझा जोडीदार नेईल. तो फारसं बोलत नाही, पण हात पक्का आहे. चला, चला.

(विमानात. इंजिनाच्या घरघरीमुळे सगळेच ओरडून बोलताहेत.)

प्रशिक्षक: मोठ्या काकू, अजून मागे सरका! माझ्या मांडीवर बसल्यासारखं! लाजू नका, चार हुक लावायचेत!

थोरली: लावलेस?

प्रशिक्षक: काय?

थोरली: लावलेस का म्हटलं!

प्रशिक्षक: लावले! आता आपण सुटत नाही. धाकट्या काकू, बऱ्या आहात ना? तोंड पांढरंफटक पडलंय!

धाकटी: मी मजेत! एकदम मजेत!

प्रशिक्षक: आधी कोण उतरणार?

थोरली: आधी मी! काही व्हायचं असलं तर मला होऊ दे!

धाकटी: काय म्हणालात?

थोरली: म्हटलं, काही व्हायचं तर मला होऊ दे! तू मागून ये, सगळं नीट आहे बघून!

धाकटी: परत तेच! अहो, किती दिवस? माझ्याआधी चहा प्यायचा नाही, माझ्याआधी बसायचं नाही, मी बादली उचलली की धावत यायचं! मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे?

थोरली: मला ऐकू येत नाही!

धाकटी: येतंय तुम्हाला! चांगलं येतंय! म्हणून सांगते, परत द्या ते!

थोरली: काय परत देऊ?

धाकटी: माझा तुकडा! काढा आणि परत द्या! आणि माझी जाऊ मला परत द्या! चांगली जाऊ होती मला! खवीस होती, पण माझी होती! या घरात आल्यापासून एकच माणूस असं होतं की ज्याच्याशी मी मनमोकळं भांडायची! नवरा भांडत नाही, पेपर तोंडापुढे धरतो! थोरले दादा हसून सोडून देतात! तुम्ही एकट्या होतात! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी काय म्हटलं माहितेय डॉक्टरांना? म्हटलं, यांना बरं करा, माझं अर्धं भांडण राहिलंय!

प्रशिक्षक: काकू, जास्त हलू नका...

धाकटी: तुम्ही गप्प बसा हो!

थोरली: त्याच्यावर का ओरडतेस? त्याच्या पाठीवरच्या हवाई छत्रीचाच आधार आहे मला!

धाकटी: मग तुमच्यावर ओरडू? तुम्ही तर पाणी देता!

थोरली: तुला काय वाटतं गं, सोपं असतं घेणं?

धाकटी: काय?

थोरली: देणं एक दिवसाचं असतं! घेणाऱ्याला रोज घ्यावं लागतं! तू मला विचारलंस तरी का? परस्पर गेलीस, परस्पर तपासण्या करून आलीस, सगळं ठरलं तेव्हा माझ्या खाटेपाशी येऊन म्हणालीस, ‘जाऊबाई, जमलं!’ जसं काही सिनेमाचं तिकीट मिळालं!

धाकटी: विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात!

थोरली: म्हणालेच असते!

धाकटी: म्हणून तर नाही विचारलं!

थोरली: चिमणी तीन वर्षांची होती! तीन वर्षांची! तुला त्या टेबलावर काही झालं असतं, तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवलं असतं? भाऊजींना काय सांगितलं असतं? तुमची बायको गेली आणि मी राहिले? मी, सगळं बघून झालेली बाई?

धाकटी: मला काही झालं नाही ना!

थोरली: झालं नाही ते त्या डॉक्टरांची पुण्याई! तुला आधी नेलं आत! मी शेजारच्या खाटेवर! तू स्ट्रेचरवरून हात हलवलास, हसलीस, आणि ते दार बंद झालं! तेव्हापासून रोज सकाळी उठले की आधी तुझ्या खोलीचं दार बघते! कडीचा आवाज आला की मगच चहाचं आधण ठेवते! तुला साधा खोकला झाला तरी मला वाटतं, माझ्यामुळे!

धाकटी: हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत!

थोरली: कसं सांगू? जिनं मला जीव दिला तिच्यावर चिडायचं? लोक काय म्हणतील? मीच मला काय म्हणेन? कृतघ्न म्हातारी!

धाकटी: चिडा हो! चिडा की! मी चार वर्षं त्याचीच वाट बघतेय!

थोरली: चिडू?

धाकटी: चिडा!

थोरली: मग ऐक! तो पोपटी रंग भिकार आहे!

धाकटी: अजून!

थोरली: दिवाणखान्यात बसलं की डोकं उठतं! माझ्या शाळेतल्या तिसरीच्या पोरांनी याहून बरा रंग दिला असता!

धाकटी: अजून, अजून!

थोरली: खिडकी लागेल! घरी पोचल्या पोचल्या लागेल!

धाकटी: मुळीच नाही लागणार!

थोरली: लागेल! आणि तू आमटी ढवळून डाव ओट्यावर तसाच ठेवतेस ते मला अजिबात खपत नाही! आणि मला समुद्र आवडत नाही! सगळीकडे वाळू शिरते! आणि मला ही उडी नको आहे! नाही! नाही मारायची मला! ऐकलंस? नाही!

प्रशिक्षक: काकू, आपण वर पोचलो. दार उघडतोय. तुमचा नकार ऐकला मी. काही हरकत नाही. बरेच लोक इथून परत जातात, त्यात लाज वाटायचं कारण नाही. दार परत लावतो.

धाकटी: लावा! लावा दादा, पटकन लावा! मलापण नको आहे!

थोरली: काय?

धाकटी: मला कधीच नको होती! मी काय वेडी आहे? माझ्या बाजूला ब्रेक नाही! मी फक्त तुम्ही नाही म्हणावं म्हणून काढलं होतं हे उडीचं खूळ! मला वाटलं, ऑफिसातच नाही म्हणाल! मग वाटलं, वजन करताना म्हणाल! तुम्ही म्हणालाच नाहीत, मग मी कुठल्या तोंडानं मागे फिरू? हात दाखवून अवलक्षण झालं माझं!

थोरली: म्हणजे? इथे आल्यापासून मला झोप नाही! डोळे मिटले की पडतेय! तुझी हौस मोडू नये म्हणून! आणि तुला हौसच नव्हती?

धाकटी: नव्हती!

थोरली: आपण दोघी एका विमानात, एकमेकींसाठी, दोघींनाही नको असलेलं करायला?

धाकटी: हो!

प्रशिक्षक: लावू का दार? का पायलटला एक फेरी मारायला सांगू? माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच होतंय. घाई नाही, तुमचं होऊ द्या.

थोरली: थांब बाळा. दार नको लावू.

धाकटी: का?

थोरली: मी जाते.

धाकटी: कुठे?

थोरली: खाली. उडी मारून.

धाकटी: आत्ता तर नाही म्हणालात! ढीगभर वेळा नाही म्हणालात!

थोरली: तुझ्यासाठी नाही म्हणाले! तुझ्यासाठी मी काही करणार नाही आता! ही माझी माझ्यासाठी! इतकं वर आलेय, इतका घसा फोडलाय, आता विमानात बसून मुकाट खाली यायचं? मला बघायचंय, कसं असतं ते!

धाकटी: जाऊबाई, नको! अहो तुमचं वय काय! तुम्हाला काही झालं तर? मी थोरल्या दादांना काय सांगू?

थोरली: कळलं आता?

धाकटी: काय?

थोरली: कसं वाटतं ते! दुसरीला त्या दारातून जाताना बघायचं आणि आपण नुसतं बसायचं! ती हसून हात हलवते आणि आपण देवाचं नाव घेत राहायचं! त्या दिवशी मी बघितलं, आज तू बघ! फिटंफाट!

धाकटी: जाऊबाई!

थोरली: बाळा, पोट पुढे, पाय मागे?

प्रशिक्षक: केळ्यासारखं! नक्की ना, काकू? मला तुमच्या तोंडून हो ऐकू दे!

थोरली: हो! हो म्हणजे हो!

धाकटी: जाऊबाई, मी काय करू?

थोरली: तुझं तू बघ!

प्रशिक्षक: तयार... आणि चला!

थोरली: आई गं! आ... आ... आ...!

प्रशिक्षक: झालं, काकू. छत्री उघडली. आता ओरडायची गरज नाही. डोळे उघडा.

थोरली: उघडेच आहेत रे. मघापासून उघडे आहेत. मिटायचं राहूनच गेलं.

प्रशिक्षक: शाबास. काही दुखतंय? श्वास बरोबर?

थोरली: श्वास... हो. इतकं शांत कसं झालं?

प्रशिक्षक: वर असंच असतं. खाली बघवतंय का?

थोरली: बघतेय. अरे, पाण्याचे किती रंग आहेत. काठाला दुधासारखं, मग हिरवट, मग एकदम गडद. आणि आम्ही उतरलोय ती खोली कुठली?

प्रशिक्षक: ती लाल कौलांची रांग दिसतेय? त्यातली शेवटची. आणि तो निळा ठिपका म्हणजे तुमच्या लोकांची छत्री.

थोरली: ठिपका! दोन भाऊ आणि एक पोरगी, सगळे एका ठिपक्याखाली. माझं सगळं घर बोटाखाली झाकलं जाईल.

प्रशिक्षक: रडताय का, काकू? चष्म्यात पाणी दिसतंय.

थोरली: रडतेय. तुला चालेल ना?

प्रशिक्षक: खुशाल रडा. इथे कोण बघतंय?

थोरली: बाळा, हे बघायला मी नसते. खरंच नसते. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, नातेवाइकांना बोलावून घ्या. मी झोपलेय असं त्यांना वाटलं, मी जागी होते. आणि त्यानंतर किती काय मिळालं मला! चिमणी शाळेत गेली पहिल्या दिवशी, तेव्हा माझं बोट धरून गेली. मला मोठी आई म्हणते ती. आमच्या ह्यांचं घोरणं मिळालं. आधी त्या घोरण्यावर मी वैतागायची, आता रात्री जाग आली की पडल्या पडल्या ऐकते. साधी साधी गोष्ट आहे, पण मिळाली. आणि हे ज्या पोरीमुळे मिळालं, तिच्यापुढे मी मोलकरणीसारखी वागत राहिले. मला वाटायचं, असंच फेडायचं असतं.

प्रशिक्षक: तुम्ही तर मघाशी चांगलंच फेडलंत. पायलटसुद्धा मागे वळून बघत होता.

थोरली: लग्नात एखादा सुंदर कपबशांचा सेट भेट येतो बघ. आपण तो काचेच्या कपाटात ठेवतो, फुटेल म्हणून. वर्षानुवर्षं त्यात कोणी चहा पीत नाही. देणारा घरी आला की त्याला दुरून दाखवतो. मी तसं केलं. तिनं दिलेला जीव कपाटात ठेवला आणि रोज पुसत बसले. तिला मात्र मी त्यातून घटाघटा प्यायलेली बघायचं होतं.

प्रशिक्षक: काकू, जरा वर बघा. उजवीकडे.

थोरली: काय आहे?

प्रशिक्षक: दुसरी छत्री.

थोरली: म्हणजे ती आली?

प्रशिक्षक: आली की. आपल्या मागोमाग आली असणार.

थोरली: मला वाटलं, परत जाईल विमानानं. ब्रेक नाही म्हणत होती ना.

प्रशिक्षक: काहीतरी ओरडतेय. ऐकू येतंय?

थोरली: शब्द नाही कळत.

प्रशिक्षक: तुम्हाला शिव्या देत असणार.

थोरली: देऊ दे. मोठ्यानं देऊ दे. बाळा, तुझे आभार हं. तू दार लावलं नाहीस.

प्रशिक्षक: तुम्ही लावू दिलं नाहीत, काकू. आता ऐका, जमीन जवळ आली. पाय वर घ्या, गुडघे धरा. बसून उतरायचंय, घसरगुंडीवर बसतो तसं. वर, अजून वर... आणि... टेकलो. झालं. वाळू.

थोरली: झालं?

प्रशिक्षक: झालं. हुक काढतो. या शेडच्या सावलीत बसून राहा हवं तर, मी छत्री गोळा करतो. पाय थोडा वेळ आपले वाटणार नाहीत.

थोरली: माझेच आहेत. चांगले माझे आहेत. ती बघ, ती उतरतेय. अगं पाय वर! पाय वर घे! गुडघे धर!

धाकटी: घेतले हो! कळतं मला! आई गं...!

थोरली: लागलं का?

धाकटी: लागलं नाही. सरकवत इथे आणलं यानं मला. दादा, सोडा मला, हे हुक काढा, मला यांच्याशी बोलायचंय. जाऊबाई, तुम्हाला काही लाज? काही शरम? या वयात? मी विमानात बसलेय आणि तुम्ही एक शब्द न बोलता चालत्या झालात!

थोरली: चांगले पुष्कळ शब्द बोलले.

धाकटी: तुम्ही दिसेनाशा झालात एका क्षणात! होतात आणि नाही!

थोरली: मग तू का उतरलीस? विमान होतं ना परत जायला.

धाकटी: तुम्ही इकडून आणि मी तिकडून? मला नाही जमलं. याला म्हटलं, ढकल. हा पहिल्यांदा बोलला, म्हणाला, ‘ढकलत नाही, मॅडम, तुम्ही हो म्हणा.’ मग डोळे मिटले आणि हो म्हटलं.

थोरली: डोळे मिटलेस? मग काहीच बघितलं नाहीस?

धाकटी: छत्री उघडल्यावर बघितलं. तुम्ही खाली होतात, नखाएवढ्या. हात पसरून बसल्या होतात.

थोरली: जवळ बस अशी. एकदा नीट सांगते, मग पुन्हा म्हणणार नाही. तूही मध्ये बोलायचं नाही.

धाकटी: बरं.

थोरली: मी जिवंत आहे. तुझ्यामुळे आहे. आणि मला जिवंत असायला फार आवडतं. हे तुला कधी सांगितलंच नाही मी. उपकार, उपकार करत बसले, पण मला मजा येतेय हे सांगायचं राहिलं. सकाळी उठायला मजा येते. तुमच्या सगळ्यांत राहायला मजा येते. मघाशी वरून पडताना तर इतकी मजा आली की मला माझंच हसू ऐकू आलं. तू दिलंस ते फार चांगलं आहे. मी ते वापरणार आहे.

धाकटी: झालं तुमचं?

थोरली: आता बोललीस तरी चालेल.

धाकटी: काय बोलू? नाक पुसायला काही आहे का?

थोरली: वाळू आहे सगळी. बाहीला पूस.

धाकटी: जाऊबाई, त्या दिवशी स्ट्रेचरवरून मी हात हलवला ना, तेव्हा मलाही भीती वाटत होती. खूप. तुम्ही बघत होतात म्हणून हसले.

थोरली: मला माहीत होतं.

धाकटी: माहीत होतं?

थोरली: इतकी वर्षं भांडलोय आपण. तुझं खरं हसू कुठलं आणि खोटं कुठलं, ते मला कळायचं नाही?

धाकटी: ते बघा, चिमणी पळत येतेय. आणि मागून दोघे भाऊ. दोघांच्याही चपला हातात.

थोरली: येऊ देत. यायला वेळ आहे अजून.

धाकटी: ऊन काय लागतंय हो. सरका की जरा तिकडे. शेडची सगळी सावली तुम्हीच घेतलीत.

थोरली: नाही सरकणार.